कैसरीयाच्या न्यायासनापुढे पाच संदेष्टे

इ.स. ३१०चा फेब्रुवारी महिना. रोमी साम्राज्यात तेव्हा ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. पॅलेस्टाइन प्रांताचं मुख्य ठाणं असलेल्या कैसरीया शहराच्या वेशीवर पहारेकऱ्यांनी पाच इजिप्शियन वाटसरूंना अडवलं. कोण तुम्ही, आलात कुठून? वाटसरूंनी खरं ते सांगून टाकलं. किलिकियाच्या खाणींत सक्तमजुरीवर धाडलेल्या ख्रिस्ती कैद्यांना सोबत करायला ते गेले होते आणि आता घरी परतत होते. किलिकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा. तिथून इजिप्तपर्यंतची वाट पॅलेस्टाइनमधूनच जाते. पाचही जण जागच्या जागी पकडले गेले. दुसऱ्या दिवशी, १६ फेब्रुवारीला, त्यांना रोमी सुभेदार फर्मिलियनपुढे उभं केलं गेलं.

त्या न्यायासनापुढे जे घडलं ते युसेबियसने लिहून ठेवलं आहे. तो त्याच शहरात राहत होता आणि पुढे तिथलाच बिशप झाला. पॅलेस्टाइनच्या रक्तसाक्षींवरच्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांवरच्या, त्याच्या छोट्या ग्रंथात हा प्रसंग अकराव्या प्रकरणात येतो. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नवं नाव घेण्याला काय अर्थ होता, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. इथे नाव बदलण्याला कुठला विधी नाही, सोहळा नाही, कुणाचा आशीर्वाद नाही. समोर न्यायाधीश आहे, बाजूला छळाची यंत्रं आहेत, आणि प्रश्न आहे फक्त नाव-गावाचा.

फर्मिलियनने आधी पाचही जणांचा छळ करवला, मग त्यांच्या म्होरक्याला नाव विचारलं. म्होरक्याने बायबलमधल्या एका संदेष्ट्याचं नाव सांगितलं. युसेबियस म्हणतो की बापाने ठेवलेली, बहुधा मूर्तींवरून पडलेली नावं या पाचही जणांनी टाकली होती आणि त्यांच्या जागी स्वतःला एलिया, यिर्मया, यशया, शमुवेल आणि दानीएल म्हणवून घेतलं होतं. त्यांची जुनी नावं त्याने दिलेली नाहीत. ‘बहुधा मूर्तींवरून’ हे त्याचे शब्द पाहता ती त्यालाही ठाऊक नसावीत.

मग दुसरा प्रश्न: गाव कुठलं?

म्होरक्या म्हणाला, यरुशलेम.

त्याच्या मनात होतं ते वरचं यरुशलेम. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात प्रेषित पौलाने जिला स्वतंत्र आणि ‘आपली आई’ म्हटलं आहे, ती नगरी. फर्मिलियनला हे नाव कळलंच नाही. हे कुठलं शहर, कोणत्या देशात आहे, असं तो खोदून खोदून विचारू लागला. उत्तर मिळेना, तेव्हा त्या माणसाचे हात पाठीमागे पिळले गेले आणि पाय यंत्रात चेचले गेले. मी खरं तेच सांगितलं, एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी त्याने सांगितलं की ती फक्त भक्तिमान लोकांची मायभूमी आहे, दुसऱ्या कुणाची नाही; ती पूर्वेला आहे, सूर्य उगवतो त्या बाजूला. हे ऐकून सुभेदाराच्या डोक्यात वेगळंच आलं. ख्रिस्ती लोकांनी कुठेतरी रोमशी वैर धरणारं शहर वसवलं आहे, असा त्याचा समज झाला आणि तो ते शहर कुठे आहे याचाच तपास करत राहिला. काहीच हाती लागलं नाही, तेव्हा त्याने पाचही जणांचा शिरच्छेद करायला सांगितलं.

यरुशलेम हे नाव पॅलेस्टाइनच्याच सुभेदाराला ओळखू येऊ नये, हे वाचताना पहिल्यांदा मला खरं वाटलं नव्हतं. कैसरीयापासून ते शहर सरळ रेषेत नव्वद किलोमीटरही नाही. पण इ.स. १३०च्या दशकात सम्राट हेड्रियनने यहूद्यांचं बंड मोडून काढलं आणि त्या शहराचं नाव एलिया कॅपिटोलिना केलं. यातलं एलिया हे हेड्रियनच्या एलियस या कुळनावावरून आलं (संदेष्ट्या एलियाशी त्याचा संबंध नाही, मराठीत ते तसंच दिसतं इतकंच), आणि कॅपिटोलिना हे रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटर देवावरून. त्यानंतरची पावणेदोनशे वर्षं सरकारदरबारी त्या गावाचं नाव एलिया हेच होतं. युसेबियसने बायबलमधल्या स्थळनामांचा जो कोश केला, त्यातही अंतरं एलियापासूनच मोजलेली आहेत. ३२५ साली निकिया इथे बिशपांची जी सभा भरली, तिच्या नियमांतसुद्धा तिथल्या बिशपाचा उल्लेख एलियाचा बिशप असाच येतो. म्हणजे ख्रिस्ती लोकही व्यवहारात एलियाच म्हणत. यरुशलेम हा शब्द उरला होता तो शास्त्रवाचनात आणि प्रार्थनेत.

म्हणून मला या प्रकरणातली दोन उत्तरं सुटी वाचता येत नाहीत. माणसाच्या नावावर बसलेला परका देव म्होरक्याने काढून टाकला आणि शहराच्या नावावर बसलेला ज्युपिटरही. हा दुवा माझा आहे. युसेबियसला फक्त स्वर्गीय नगरी दिसते. पण त्याच सुभ्यातल्या गावाचं जुनं नाव तिथल्या सुभेदाराच्या तोंडावर उच्चारलं गेलं आणि त्याला ते बंडासारखं ऐकू आलं, एवढं तर त्याच्याच मजकुरात आहे.

ही नावं घेणं सक्तीचं होतं का?

नव्हतं. आणि या प्रकरणाचं वजन मला नेमकं इथेच जाणवतं. बाप्तिस्मा झाला की नाव बदललं, ही प्रथा पहिल्या तीन शतकांत सर्वसाधारण नव्हती. आपल्याकडे अनेकांना वाटतं की दिमिष्काच्या वाटेवर शौलाचा पौल झाला. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत तसं कुठेही म्हटलेलं नाही. त्या दर्शनानंतरही तो बराच काळ शौलच आहे. तेराव्या अध्यायात ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ एवढा ओझरता उल्लेख येतो आणि तिथून पुढे रोमी नाव सुरू होतं. त्या काळच्या कितीतरी यहूद्यांप्रमाणे त्याला दोन नावं होती. शिमोनाचा केफा म्हणजे पेत्र झाला हे मात्र खरं नामांतर आहे, आणि ते प्रभू येशूने स्वतः केलं. त्यामागे अब्रामाचा अब्राहाम आणि याकोबाचा इस्राएल ही जुनी उदाहरणं उभी आहेत.

सामान्य विश्वासणारे मात्र जन्मनावावरच राहिले. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल ज्यांना सलाम पाठवतो, त्यांच्यात हर्मेस आहे, नेरियस आहे. पत्राच्या त्याच भागात फिबीची शिफारस आहे. तिन्ही नावं ग्रीक देवदेवतांची. नाव बदला, असं पौल त्यांना म्हणत नाही. २५६ साली कार्थेजमध्ये ८७ बिशप जमले, तेव्हा त्या यादीतही बायबलमधली नावं शोधावी लागतात, आणि सॅटर्निनस, म्हणजे रोमी देव सॅटर्नवरून पडलेलं नाव, एकाहून अधिक वेळा येतं. त्याच सुमाराला अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की विश्वासणाऱ्यांच्या मुलांची नावं पौल आणि पेत्र अशी पुष्कळ आढळतात. हे लिहिणाऱ्याचं स्वतःचं नाव मद्यदेव डायोनिससवरून आलेलं, आणि बिशप झाल्यावरही त्याने ते बदललं नाही.

कैसरीयात तर याहून जवळचं उदाहरण होतं. ओरिजेन हा तिथला सर्वांत मोठा ख्रिस्ती आचार्य. तोही इजिप्तचाच, आयुष्याची शेवटची सुमारे वीस वर्षं त्याने याच शहरात शिकवण्यात घालवली. त्याच्या नावाचा अर्थ बहुधा ‘होरसपासून जन्मलेला’ असा आहे, आणि होरस म्हणजे बहिरी ससाण्याच्या मस्तकाचा इजिप्शियन देव. ज्याने शास्त्राच्या एकेका शब्दावर रात्री जागवल्या त्याला आपल्या नावातला होरस खुपला नाही, किंवा खुपला तरी त्याने तो काढला नाही. इजिप्तमध्ये पुढेही हीच वाट चालू राहिली. सेरापिस देवावरून आलेलं सेरापियन हे नाव बिशपांचंही असे. फिबस आणि अमोन या दोन देवांची जोडी असलेलं फिबामोन हे नाव तर एका रक्तसाक्षी संताचं झालं आणि त्याच्या नावाचे मठ उभे राहिले. देव नावातून जात नव्हता, पण त्याची कुणाला आठवणही राहत नव्हती.

याच छळातला, दोनच महिने आधीचा एक प्रसंग याला अगदी लागून आहे. १४ डिसेंबर ३०९ रोजी अश्कलोन शहराच्या वेशीवर असेच काही इजिप्शियन पकडले गेले. तेही किलिकियाच्या कैद्यांच्या सेवेलाच निघाले होते, फक्त ते जात होते आणि आपले पाच परतत होते. त्यांच्यातल्या तिघांची नावं युसेबियस देतो: आरेस, प्रोमस आणि एलिया. आरेसला जिवंत जाळलं, इतर दोघांचा शिरच्छेद झाला. आरेस हा ग्रीकांचा युद्धदेव. त्याचं नाव घेऊन तो माणूस ख्रिस्तासाठी आगीत उभा राहिला. त्या नावाबद्दल युसेबियस नापसंतीचा एक शब्दही काढत नाही, आणि शेजारच्या एलियाचं वेगळं कौतुकही करत नाही. एकाच कामाला निघालेली ही माणसं. नाव बदलल्यावाचून तारण नाही, असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नव्हतं.

मग या पाचांनी ती का बदलली?

एक साधी शंका आधी बाजूला करायला हवी. रोमी राज्यात यहूद्यांना देवांपुढे बळी देण्यातून सूट होती. मग ही यहूदी नावं जीव वाचवायला घेतली असतील का? तसं दिसत नाही. वेशीवरच त्यांनी आपण कोण आणि कशासाठी गेलो होतो हे सांगितलं होतं. लपायचंच असतं तर तिथेच खोटं बोलून सुटता आलं असतं. दुसरी शक्यता अशी की जुनी नावं झाकून घरच्या माणसांना वाचवायचं होतं. इजिप्तमध्ये त्या वर्षांत जो छळ चालला होता तो पाहता ही गोष्ट अगदी निराधार म्हणता येत नाही, आणि तसं असेल तर मला ती कमी मोलाची वाटणार नाही. पण नाव लपवायला कोणतंही नाव चालतं. पाच जणांनी मिळून पाच संदेष्टेच का निवडावेत?

तिसरी शक्यता बाप्तिस्म्याची. याच प्रदेशात याच छळात मारल्या गेलेल्या पेत्र नावाच्या तरुणाबद्दल नंतर एक वृत्तांत लिहिला गेला. त्यात नाव विचारल्यावर तो म्हणतो की बापाकडून माझं नाव बाल्सम, आणि बाप्तिस्म्यात मिळालेलं आत्मिक नाव पेत्र. तेव्हा काही ठिकाणी अशी दुहेरी नावं रूढ होऊ लागली होती, एवढं यावरून धरता येतं. पण पेत्राने दोन्ही नावं सांगितली. या पाचांनी जुनं नाव ओठांवर येऊच दिलं नाही.

उत्तर मला त्या नावांतच दिसतं. इजिप्तमध्ये नावाच्या पोटात देव असणं ही हजारो वर्षांची रीत होती: इसिसने दिलेला, होरसचा, अमोनचा. इब्री संदेष्ट्यांची नावंही तशीच बांधलेली आहेत. एलिया म्हणजे परमेश्वर माझा देव. यशया म्हणजे परमेश्वर तारण करतो. शमुवेलाचा अर्थ कुणी ‘देवाने ऐकलं’ असा लावतात, कुणी ‘देवाचं नाव’ असा. यिर्मयाचा अर्थ परमेश्वर उंच करतो असा सांगितला जातो. नावाचा साचा होता तसाच राहिला, फक्त आतला देव बदलला. इजिप्शियन माणसाला ही अदलाबदल समजावून सांगावी लागली नसती. इब्री नावांचे ग्रीक अर्थ देणाऱ्या याद्याही तेव्हाच्या ख्रिस्ती लोकांत फिरत होत्या.

दानीएलाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. त्या नावाचा अर्थ ‘देव माझा न्यायाधीश’. न्यायासनापुढे उभं राहून हे नाव सांगणं म्हणजे काय, हे फर्मिलियनला कळलं नसेल, पण सांगणाऱ्याला नक्कीच कळत होतं. शिवाय दानीएलाची गोष्टच मुळात नाव लादलं जाण्याची आहे. बाबेलच्या दरबारात त्याचं नाव बेल्टशस्सर ठेवलं गेलं, आणि राजा स्वतः सांगतो की ते माझ्या देवाच्या नावावरून ठेवलं. त्याच्या तीन सोबत्यांचीही नावं तशीच बदलली गेली. कैसरीयातल्या पाचांनी ती गोष्ट उलट दिशेने चालवली: परक्या देवाचं नाव बापाच्या घरून मिळालेलं, आणि दानीएल हे नाव आपणहून घेतलेलं. बाकीचे चौघेही राजांपुढे उभे राहिलेलेच. यिर्मयाला विहिरीत सोडलं आणि शेवटी मनाविरुद्ध इजिप्तला नेलं. त्याचं नाव इजिप्तच्या माणसाने घ्यावं यात मला ओढूनताणून काही वाटत नाही.

यशयाच्याच पुस्तकात, चव्वेचाळिसाव्या अध्यायात, परमेश्वराकडे वळणाऱ्यांचं चित्र आहे: कुणी म्हणेल मी परमेश्वराचा, कुणी याकोबाचं नाव घेईल, कुणी हातावर ‘परमेश्वराचा’ असं लिहील. हे नाव माणूस आपणहून घेतो. प्रकटीकरणात विजय मिळवणाऱ्याला पांढरा खडा मिळेल आणि त्यावर नवं नाव असेल असं म्हटलं आहे, पण ते देणारा प्रभू आहे आणि ते घेणाऱ्यावाचून कुणालाच ठाऊक नाही. कैसरीयातली नावं पहिल्या प्रकारची. ती भर कोर्टात, सगळ्यांना ऐकू जातील अशी सांगितली गेली.

१७७ साली ल्योन शहरात सँक्टस नावाच्या डिकनने (मंडळीच्या सेवकाने) याच प्रश्नांना वेगळ्या तऱ्हेने उत्तर दिलं होतं. नाव, जात, गाव, दास की स्वतंत्र, काहीही विचारलं तरी तो लॅटिनमध्ये एकच म्हणत राहिला: मी ख्रिस्ती आहे. त्याने सगळी नावं एका नावात बुडवली. आपल्या पाचांना मात्र प्रत्येकाला स्वतंत्र नाव हवं होतं. मला ही दुसरी तऱ्हा जास्त भिडते. मरतानाही ते पाच वेगळे माणूस राहिले, प्रत्येकाच्या पाठीशी एकेक जुना साक्षीदार.

एका गोष्टीवर मात्र युसेबियसशी माझं पटत नाही. या नावांमुळे ते ‘आतून खरे यहूदी’ आणि ‘देवाचं अस्सल इस्राएल’ ठरले, असं तो म्हणतो. त्याच कैसरीयात त्याच पिढीत रब्बी अबाहूंसारखे थोर यहूदी गुरू शिकवत होते. एलिया आणि दानीएल ही नावं त्यांच्या घरात कधीच जुनी झाली नव्हती. पाच इजिप्शियनांनी ती प्रेमाने घेतली. चरित्रकाराने ती मूळ घरच्यांकडून काढून घेतल्यासारखी मांडली, आणि या मांडणीचे परिणाम यहूद्यांना पुढची अनेक शतकं भोगावे लागले. पाचांच्या धैर्यापुढे मान झुकवतानाही हे वाक्य मला अडखळवतं.

नावाचा हा प्रश्न आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतही आलेला आहे. १८४८ साली नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नहेम्या गोऱ्हे झाले. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेताना पंडिता रमाबाईंना मेरी रमा हे नाव मिळालं, पण जग त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखत राहिलं. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि विष्णूची दोन नावं जशीच्या तशी घेऊन ख्रिस्ताचे अभंग लिहीत राहिले. गोऱ्ह्यांची वाट या पाचांची, टिळकांची वाट ओरिजेनची आणि अश्कलोनच्या आरेसची. दोन्ही वाटा पहिल्या तीन शतकांतही शेजारी शेजारीच होत्या. ‘नाव बदललं नाही म्हणजे अर्धवट ख्रिस्ती’ किंवा ‘बदललं म्हणजे आपल्या मातीशी तुटला’ असं कुणी म्हणालं की मला हे सगळे एका रांगेत उभे दिसतात.

त्या १६ फेब्रुवारीला कैसरीयात एकूण बारा जण मारले गेले. पाच इजिप्शियनांच्या पाठोपाठ पॅम्फिलस हा विद्वान धर्मगुरू गेला. कैसरीयाचा ग्रंथसंग्रह त्याने मोठ्या कष्टाने उभा केला होता, आणि सुमारे दोन वर्षं तो कैदेत होता. यामनिया गावचा पौल नावाचा एक जण होता. एलिया शहराचा, म्हणजे यरुशलेमचा, वृद्ध डिकन वालेन्स होता, ज्याला शास्त्र मुखोद्गत होतं. पॅम्फिलसचा दास पोर्फिरियस, अठरा वर्षांचाही नसलेला, सुंदर अक्षराचा मुलगा. धन्याचं प्रेत पुरायला द्या, असं गर्दीतून ओरडला म्हणून त्याला धरलं आणि मंद आगीत जाळलं. प्रेतं चार दिवस, चार रात्री उघड्यावर टाकून पहारा बसवला. जनावरांनी त्यांना शिवलं नाही, असं युसेबियस लिहितो, आणि मग ती पुरली गेली. पुढे फर्मिलियनचाही तलवारीनेच शिरच्छेद झाला. रोमच्या मंडळीच्या संतपंचांगात १६ फेब्रुवारीला अजूनही एलिया, यिर्मया, यशया, शमुवेल आणि दानीएल अशी पाच नावं आहेत. ज्या नावांनी त्यांच्या आयांनी त्यांना हाक मारली असेल, ती कुठल्याच पंचांगात नाहीत.

हे सगळं लिहिणारा युसेबियस पॅम्फिलसचा शिष्य आणि जिवलग. गुरू कैदेत असताना दोघांनी मिळून ओरिजेनच्या बचावाचा ग्रंथ लिहिला होता. पुढे युसेबियस स्वतःला ‘पॅम्फिलसचा युसेबियस’ म्हणवू लागला. ग्रीकमध्ये माणसाच्या नावापुढे असं षष्ठीतलं नाव येतं ते बापाचं, आपण मराठीत मधलं नाव लावतो तसं. त्या जागी त्याने त्या दिवशी मारलेल्या गुरूचं नाव लावलं, आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं.